दोन ओझी

भाताचे भरलेले पोते एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्याने हात लावावाच लागतो. पण आपली भाकर आपणच बांधून न्यायची. ती शेजाऱ्याच्या गळ्यात घालून कसे चालेल? आपल्या रबाळ्याकडे शेतांच्या जागी कारखाने आले, तरी हे काही बदलले नाही. जड खोके दोघे मिळून उचलतात, डबा मात्र ज्याचा त्याच्या हातात.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलात पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांच्या ओझ्याला हात लावायला सांगतो. आणि दोनचार ओळींनी म्हणतो, आपला भार ज्याचा त्याने न्यावा. मग खरे काय? मूळ ग्रीक भाषेत इथे दोन निराळे शब्द आहेत. एक जड ओझ्याचा, दुसरा ज्याच्या त्याच्या गाठोड्याचा.

पंडिता रमाबाईंनी ही दोन्ही ओझी वाहिली. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लोकांनी खूप नावे ठेवली. पण कोणाच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे त्यांना पटत नसे. ज्यांच्याकडे धर्म शिकल्या, त्यांच्याशीही त्या वाद घालीत. आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते. श्रद्धेचे गाठोडे त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावर दिले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपासमारीने हाडे निघालेल्या शेकडो बायामुली त्यांनी आणल्या. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे, तिथे त्यांची सोय केली. मूठभर धान्य देऊन परत धाडले असते, तरी लोक वाहवा म्हणाले असते! पण मग त्या बायांनी उद्या काय खायचे?

म्हणून केडगावात त्यांना शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकवले. आधी आलेल्या मुली नव्यांना सांभाळीत. रमाबाईंनी सगळ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.

१९२२ साली रमाबाई वारल्या. केडगावची ती संस्था, मुक्ती मिशन, आजही चालू आहे.