जव्हारच्या चढणीवरची जुनी पॅलिओ आणि पीयूसीचे आकडे

आमच्याकडे २००२ सालची फियाट पॅलिओ आहे, १.६ जीटीएक्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि शंभर हॉर्सपॉवर. त्या काळी एवढ्याशा गाडीत एवढं इंजिन आपल्याकडे कुणी देत नव्हतं. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा, आणि त्याच्या नावाने ‘एस१०’ अशी मर्यादित आवृत्तीही निघाली होती. खानदानी स्पोर्ट्स कार ती नव्हे. पण मोखाड्याहून त्र्यंबककडे निघालं की तोरंगण घाटात तिसऱ्या गिअरवर ती जशी उचलते, ते सुख मला दुसऱ्या गाडीने दिलेलं नाही. ही गाडी विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

ठेवायची तर तिचा धूर स्वच्छ हवा, हेही तितकंच पक्कं. आमच्या भागात रस्त्याने चालणारी माणसं फार. आश्रमशाळेची पोरं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेली म्हातारी माणसं, सगळी डांबराच्या कडेने चालतात. सायलेन्सरचं तोंड लहान मुलाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर असतं आणि घाटात गाडी हळू चालते, म्हणजे धूर आधी त्यांच्याच नाकात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणून पीयूसीकडे, म्हणजे धुराच्या तपासणीकडे, मी नुसता कागद म्हणून बघत नाही. इतक्या वर्षांत जे हाती लागलं, ते लिहिते.

१. आपल्या गाडीला कोणता निकष लागू आहे, ते केंद्रावर जाण्याआधी माहीत करून घ्या. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला उभ्या गाडीच्या चालू इंजिनावर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बन चालतं. भारत स्टेज-२ आणि ३ च्या गाडीला मर्यादा आहे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. मोनॉक्साइडमध्ये फरक सहापटीचा आहे, हायड्रोकार्बनमध्ये दुपटीचा. भारत स्टेज-२ मुंबईत २००१ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये लागू झालं, त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्या वेगवेगळ्या रकान्यात बसू शकतात. माझी भारत स्टेज-२ ची, म्हणून ‘जुनी गाडी आहे, सैल निकष लावा’ असं म्हणायची सोय मला नाही, आणि मला ती नकोही आहे. भारत स्टेज-४ च्या आधीच्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, त्यापुढच्यांचं वर्षभर. हा हिशोब आपला आपण ठेवायचा.

२. चिठ्ठी हातात आली की नुसतं ‘पास’ बघून ती घडी घालू नका. ती वाचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. कारणं अनेक: इंजिन थंड, तापमान सांगणारा सेन्सर खोटं सांगतोय, इंजेक्टर टपकतोय, ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय. हायड्रोकार्बन वाढलं आणि मोनॉक्साइड मात्र जागेवर असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. तिथे प्लग, कॉइल, वायरी बघायच्या, किंवा हवा ओढणारी एखादी रबरी नळी चिरली आहे का ते शोधायचं. गाडी उभ्या जागी मिसिंग मारत असेल तर शंका घ्यायलाही जागा नाही. दोन्ही आकडे एकदम चढले, तर मिश्रण फारच घट्ट झालंय किंवा कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) दमलाय. ज्या केंद्रावर चार वायूंचं यंत्र आहे तिथे कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही छापून येतो. निरोगी इंजिनात डायऑक्साइड तेरा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. ऑक्सिजन नको तेवढा दिसला, तर सायलेन्सरच्या नळीला कुठेतरी भोक आहे किंवा एखादं सिलिंडर मिसिंग मारतंय.

आपल्याकडे गाडी नापास झाली की मिस्त्री आधी प्लग बदलतो, मग फिल्टर, मग इंजेक्टर साफ करतो. पैसे जातात आणि आकडा तिथेच राहतो. चिठ्ठी दाखवून ‘दादा, मोनॉक्साइड जास्त आहे, हायड्रोकार्बन ठीक आहे’ एवढं सांगितलं, तर चांगला मिस्त्री थेट सेन्सरकडे वळतो. आमच्या मिस्त्रीदादांनी तर भिंतीवर अशा चिठ्ठ्या डकवून ठेवल्या आहेत.

३. थर्मोस्टॅट काढू देऊ नका. घाटात गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंडगार,’ असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण कंट्रोल युनिटला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून ते पेट्रोल वाढवून देत राहतं. मोनॉक्साइड चढतो, ॲव्हरेज उतरतो, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटर, पंखा किंवा पाण्याच्या पंपात सापडतं.

४. गाडी गरम करूनच न्या, आणि खरोखर चालवून गरम करा. कॅटकॉन साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेल्यावरच काम करायला लागतो. घरापासून बाजारपेठेपर्यंतच्या फेरीत तो जागाही होत नाही. चढणीवर वीसेक मिनिटं चालवून तशीच केंद्रावर नेते. तिथे रांग असेल तर इंजिन बंद करत नाही, माझा नंबर जवळ आला की थोडी रेस धरून ठेवते. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये निदान ३०० मिलिमीटर आत गेली पाहिजे असा नियम आहे. टोकाशीच अडकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा चांगला येतो. मी आत सरकवायला सांगते. ‘बाई, तुमचाच फायदा होतोय की,’ असं ऐकायला मिळतं, पण मला खरा आकडा हवा असतो.

एक सूचना इथेच. घाट चढून आलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. दिवाळीनंतर सूर्यमाळ-खोडाळ्याच्या माळावर गवत पिवळं पडतं, आणि तापलेल्या कॅटकॉनखाली ते पेटू शकतं.

५. ‘जाळी’ काढू नका. कॅटकॉनच्या आतल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या भागाला गॅरेजमध्ये जाळी म्हणतात. जाळी काढली की पिकअप वाढतो, हा समज घट्ट बसलेला आहे. जाळी चोंदली असेल तर गाडी दमते हे खरं. पण ती चोंदते आधीच्या आजाराने: मिसिंग मारणारं इंजिन जास्त दिवस चालवलं, की न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि ती वितळते. तो आजार न शोधता नवी जाळी बसवली तर तीही जाते. आतला प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम मौल्यवान असल्यामुळे काढलेली जाळी भंगारात चांगल्या भावाने जाते, हेही लक्षात असू द्यावं. रिकाम्या डब्याची गाडी रस्त्याकडेच्या पोरांवर काय सोडते, त्याचा मला खरोखर राग येतो. आणि विनातपासणीचा कागद कुणी देऊ केला, तर तोही घेऊ नये, कारण त्याने गाडीतलं एकही सिलिंडर दुरुस्त होत नाही.

६. पावसाळा संपला की गाडीखाली वाकून बघा. जव्हारला पाऊस कसा पडतो ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. चार महिन्यांत सायलेन्सरच्या जोडांना गंज चढतो, बारीक भोकं पडतात. भोक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सर ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं कळवतो आणि कंट्रोल युनिट पेट्रोल वाढवतं. भोक नळीला, आणि आकडा इंजिनाचा बिघडतो. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरचं तोंड कपड्याने क्षणभर दाबलं, की फसफस कुठून येते ते ऐकू येतं. वेल्डिंग करून घ्या, पण सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन लावू देऊ नका, त्याने सेन्सर निकामी होतो. ओलाव्याने प्लगच्या वायरीही करंट सोडतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबूनच बघितलं, तर निळ्या ठिणग्या दिसतात.

७. पेट्रोल ताजं ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणं वाईट. जुन्या रबरी नळ्याही त्याने लवकर फुगतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, मोनॉक्साइड कमी दिसतो, पण फार पातळ झालं की मिसिंग सुरू होऊन हायड्रोकार्बन वर जातं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर धड असेल तर तो बरंच सांभाळून घेतो.

८. एअर फिल्टर मे महिन्यात बदला. मोखाड्याच्या आतल्या रस्त्यांची लाल धूळ तोपर्यंत त्यात काही शिल्लक ठेवत नाही.

९. चिठ्ठ्या जपून ठेवा, तारखेप्रमाणे. माझ्या गाडीचा मोनॉक्साइड बराच काळ ०.१ च्या आसपास होता, मग ०.३ झाला. मर्यादा ०.५, म्हणजे गाडी पासच. तरी मी दादांना ऑक्सिजन सेन्सर मल्टिमीटरवर बघायला सांगितलं. गरम इंजिनावर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर खालीवर व्हायला हवं. ते रेंगाळत होतं. सेन्सर बदलला आणि पुढच्या चिठ्ठीवर आकडा पुन्हा जागेवर आला. ॲव्हरेजही सुधारला. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, त्यात गाडीची तपासणी आलीच. आमची पुढची तारीख २०२७ मधली आहे. ऑइल, प्लग आणि थर्मोस्टॅट त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बदलायचं दादांशी बोलून ठेवलं आहे.