डायलिसिसच्या पाण्याची चौकशी

जबलपुरात आमच्या काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे. मशीन सुरू झालं की तासाभरात हुडहुडी भरायची, ताप चढायचा. घरी येईपर्यंत अंग निवलेलं. सेंटरवाले "होतं असं काहींना" म्हणून एक इंजेक्शन देत. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन चालू, लोह पुरेसं, तरी हिमोग्लोबिन वर सरकेना आणि अंगातली सूज दाखवणारा सीआरपी उतरेना. शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "त्याच शिफ्टमध्ये आणखी कुणाला थंडी वाजते?"

वाजत होती, दोघांना. म्हणजे संशय पाण्यावर.

एका डायलिसिसला साधारण १२० लिटर द्राव लागतो. रक्त आणि हा द्राव यांच्यामध्ये डायलायझरचा पातळ पडदा, बस्स. पिण्याच्या पाण्याला आतड्याची राखण असते. इथे ती नाही. जंतूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, पडद्यातून निसटतात. पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात, यकृत सीआरपी आणि हेप्सिडिन बनवतं. हेप्सिडिन लोह साठ्यातच अडकवून ठेवतं, मग एरिथ्रोपोएटिनचं महागडं इंजेक्शनही लागू पडत नाही. ताप न येताही ही सूज आत धुमसत राहते आणि हृदयावर घाला घालते.

नर्मदेचं गढूळ पाणी तुरटी-क्लोरीनने पिण्याजोगं होतं, डायलिसिसजोगं नाही. आणि खरी मेख पुढेच आहे: कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, तो काढावाच लागतो, पण त्यानंतर टाकीत नि पायपांत जंतूंना अटकाव राहत नाही. पाणी मुळात नीट शुद्ध झालं नाही तर काय होतं? ब्राझीलमधल्या कारुआरूत १९९६ साली शेवाळाचं विष डायलिसिसच्या पाण्यात उतरलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

काकांच्या मशीनजवळचा बायकार्बोनेटचा पांढरा कॅन चुलतभावाने हाताळून पाहिला. आतून बुळबुळीत. कालच्या उरलेल्या द्रावातच आजचा ओतला जात होता, आणि बायकार्बोनेटमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. कॅन बदलले, पाइपलाइन निर्जंतुक केली, तेव्हा तिघांचीही थंडी थांबली.

तेव्हा सेंटरमध्ये विचाराच: पाण्याचं कल्चर आणि एंडोटॉक्सिन दर महिन्याला तपासता का? रिपोर्ट पाहा. मिलिलिटरमागे जंतूंच्या वसाहती १०० च्या आत, एंडोटॉक्सिन ०.२५ युनिटच्या आत हवं. अतिशुद्ध द्रावाला याहून कितीतरी कडक कस लागतो: ०.१ आणि ०.०३. डायलायझर धुऊन पुन्हा वापरत असतील तर ते पाणीही तपासलेलं हवं. थंडी किती वाजता भरली, ते वहीत टिपा. मानेत कॅथेटर असेल तर आधी त्याच्या संसर्गाची शंका घ्या, रक्ताचं कल्चर करून घ्या. मात्र धास्तीने डायलिसिस चुकवू नका. वाढलेलं पोटॅशियम दोन-तीन दिवसांतही जीव घेऊ शकतं.