उभ्या वाहनाचा विमा

सुरतेजवळ उधना-जळगाव रेल्वेमार्गावर चलथाण हे गाव आहे. तेथे सहकारी साखर कारखाना असून, दक्षिण गुजरातेतील अशा कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी खानदेशातून व डांगातून मजुरांच्या टोळ्या दरवर्षी जातात. गळीत हंगाम संपला की ऊस वाहणाऱ्या काही मालमोटारींना काम उरत नाही व त्या पावसाळाभर उभ्या राहतात. "गाडी चालतच नाही, मग विमा कशासाठी?" असा प्रश्न अशा वेळी मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. घरची मोटार महिनोन् महिने झाकून ठेवणाऱ्यासही तो पडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असल्याखेरीज कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. हे बंधन मालकीचे नसून वापराचे आहे. कुंपणाच्या आत, जेथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क नाही अशा जागी खरोखरच बंद ठेवलेल्या वाहनास ते लागू पडत नाही. परंतु आपल्याकडे 'उभी गाडी' म्हणजे बहुधा गल्लीतली, नाहीतर महामार्गाच्या कडेची गाडी! ती जागा सार्वजनिकच होय.

शिवाय 'वापर' या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्याहून व्यापक आहे. दिनांक २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर एका पेट्रोलच्या टँकरची मालमोटारीशी टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला व पेट्रोल गळू लागले. आसपासचे लोक तेथे जमले. सुमारे चार तासांनी स्फोट होऊन अनेकजण भाजले, कित्येक दगावले. आडवा पडलेला टँकर त्या वेळी वापरात नव्हता, सबब भरपाई देय नाही, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला. बिघाडाने वा अपघाताने जागीच थांबलेले वाहनही वापरात असू शकते, असा या निर्णयाचा आशय आहे. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीस तो सरसकट लागू होईल असे नव्हे; पण चाके थांबली म्हणजे जबाबदारीही थांबली, हा समज त्याने खोटा ठरविला. विमा नसेल तर भरपाईचा भार मालकाच्या शेतीवाडीवर येतो. त्यापुढे कलम १९६ खालील दंड, म्हणजे पहिल्या अपराधास दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही, किरकोळच म्हणावा लागेल.

वाहनाच्या स्वतःच्या हानीचा विचार वेगळा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. असे पाणी उभ्या गाडीतही शिरते, आणि केवळ त्रयस्थ व्यक्तीचा विमा असलेल्या मालकास त्यापोटी काहीही मिळत नाही. आग व चोरी यांचेही तसेच.

वाहन दीर्घकाळ बंद राहणार असल्यास त्यासाठीही तरतूद आढळते. सन २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात, सलग किमान दोन महिने बंद असलेल्या वाहनाकरिता संरक्षण मर्यादित करून हप्त्यात सवलत देण्याची सोय होती. त्या अवधीत आग, चोरी, पूर यांचे संरक्षण राहते. रस्त्यावरील जबाबदारीचे मात्र स्थगित होते. म्हणून अशी गाडी 'जरा बॅटरी चार्ज करावी' म्हणून नाक्यापर्यंत नेणेही विनाविमा ठरेल. आज कोणती सोय उपलब्ध आहे हे आपल्या विमा कंपनीस आगाऊ विचारून लेखी घ्यावे.

एक घोटाळा वारंवार होतो. वाहन वापरात नसल्याची सूचना परिवहन कार्यालयास दिली जाते, ती कराच्या सवलतीसाठी. तिची पोच म्हणजे विम्यातून सूट नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र २०११ पासून, वाहन रस्त्यावर नसल्याचे रीतसर कळविल्याखेरीज विमा खंडित ठेवताच येत नाही. आपल्याकडे विम्यासाठी तशी पद्धत नाही.

विमा संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण न झाल्यास, दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षे साठलेली हप्त्यातील सूट बुडते. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे एकशेवीस दिवस होतात, हे मालमोटारवाल्यांनी ध्यानी घ्यावे.