माऊसचा सेल

आमचा वाचनवर्ग ज्या गावात भरतो, ते गाव कल्याण-मुरबाड रस्त्यापासून थोडे आत आहे. गावात सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, अर्ज, सारे तिथल्या संगणकावर होते. संगणकाशेजारी मुठीत मावेल अशी एक डबी असते. ती हलवली की पडद्यावरचा बाण हलतो. तिला माऊस म्हणतात. माऊस म्हणजे उंदीर. हे नाव ऐकून आमच्या वर्गातल्या बायका पोट धरधरून हसल्या. पण नाव खरेच आहे. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून पहिला माऊस तयार झाला. तो लाकडाचा होता आणि त्याला शेपटीसारखी तार होती.

केंद्रातल्या उंदराला शेपटी नाही. तो बिनतारी आहे, सेलवर चालतो. गेल्या पावसाळ्यात त्याने सगळ्यांना घाम फोडला.

पीक विम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. भाताची लावणी टाकून माणसे रांगेत उभी होती. दुपारी बाण जागचा हलेना. केंद्र चालवणारा मुलगा डोंबिवलीचा. तो म्हणाला, "सेल संपला. पेन्सिल सेल लागतो." गावच्या दुकानात विजेरीचे मोठे सेल होते, पेन्सिल सेल नव्हता. मुरबाडला जाऊन यायचे तर दोन तास जाणार. रांगेत कुजबुज सुरू झाली.

आमच्या वर्गातली एक मावशी भिंतीकडे बघत होती. ती म्हणाली, "अरे बाबा, त्या घड्याळात तसलाच सेल नाही का?"

होता! गुढीपाडव्याला नवा घातलेला. तो माऊसात घातला, बाण पळू लागला. मुलाने गंमत म्हणून माऊसचा संपलेला सेल घड्याळात घातला. तर घड्याळही चालू झाले!

मेलेला सेल जिवंत कसा झाला? तो मेलाच नव्हता. घड्याळाला फार थोडी वीज लागते. ते थेंब थेंब पिते. माऊस घोट घेतो. त्याच्या पोटाखाली दिवा असतो. त्या उजेडात तो टेबलाची चित्रे सेकंदाला हजारोंनी टिपतो आणि बिनतारी संदेश पाठवतो. संगणकाला लावलेली लहानशी पिन तो संदेश घेते. पिनेला वीज संगणक देतो. माऊसला मात्र स्वतःच्या सेलाखेरीज कोणी नाही.

हिशेब करून पाहू. चार्ज करायच्या सेलावर २००० असा आकडा छापलेला असतो. तो पोटातला साठा. माऊस हलताना तासाला ५ घेतो असे धरा. २००० ला ५ ने भागा. ४०० तास झाले. रोज ८ तास एकसारखा हलवला तर ५० दिवस. पण तो एकसारखा हलत नाही. हात काढला की डुलकी घेतो, म्हणून सेल याहून पुष्कळ पुरतो. नुसत्या धक्क्यानेही तो जागा होतो. पिशवीत घालून लोकलने कल्याण-ठाणे केले तर वाटेत फुकट वीज खातो. त्याच्या पोटावर लहान खटका असतो. काम झाले की तो बंद करावा.

सेल एका जातीचे नसतात. साधा सेल तुम्ही लहानपणी फोडून पाहिला असेल. बाहेर जस्ताची डबी, मध्ये कोळशाची कांडी, भोवती काळी भुकटी. त्या भुकटीत मँगनीज असते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज सेलांच्या कारखान्यांना जाते. सेल वीज देतो तेव्हा जस्त झिजते. फार झिजले की डबीला भोक पडून आतले पाणी गळते आणि यंत्राच्या पट्ट्या गंजतात. दुसरा अल्कलाईन सेल. तो महाग, पण माऊसात कितीतरी जास्त टिकतो. आम्ही तोच घेऊ. तिसरा चार्ज करायचा. पहिले दोन चार्जरला कधी लावू नका, फुटतील. चुलीत तर कोणताच टाकू नका. घेताना सेलावरची तारीख वाचा. जुना माल स्वस्तात विकणारे असतात.

माऊस आधी सांगत नाही असेही नाही. केंद्रातला बाण आठ दिवस अडखळत होता. काही माऊसांवर लहान दिवा लुकलुकतो. त्या मुलाने ते पाहिले होते. उद्या आणू म्हणून राहिले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रांगेतले सगळे अर्ज गेले. आता केंद्राच्या खणात दोन नवे सेल असतात. सेल बदलला की तारखेची चिठ्ठी माऊसला चिकटवतात. पहिली चिठ्ठी मावशीने लिहिली. घड्याळ त्या जुन्या सेलावर दिवाळीपर्यंत चालले. गळायला नको म्हणून मग आम्हीच तो काढून टाकला.