तेलकट लाकडावर टिकाऊ पॉलिश

सागवान आणि शिसव ही आपल्याकडील मोलाची लाकडे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील सागाची ख्याती सर्वदूर आहे. असे महागडे लाकूड घेऊन केलेले कपाट वा टेबल दोन पावसाळ्यांत पोपडे धरू लागले, तर ग्राहकाचा पैसा आणि कारागिराची पत दोन्ही जातात. दोष बहुधा पॉलिशच्या डब्याला दिला जातो. परंतु त्याचे कारण पुष्कळदा लाकडाच्या अंगीच असते.

तेलकटपणाचे स्वरूप

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेले, रबरासारखा एक पदार्थ आणि टेक्टोक्विनोन नावाचे रसायन असते. यांमुळेच साग वाळवीस व पाण्यास दाद देत नाही. परंतु जो गुण लाकडाचे रक्षण करतो, तोच पॉलिशच्या आड येतो. पृष्ठभागावर आलेले तेल व्हार्निशची पकड बसू देत नाही. दुसरी अडचण शिसवीत अधिक जाणवते. तेलयुक्त व्हार्निश हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. शिसवीतील काही द्रव्ये नेमक्या याच क्रियेस अडथळा करतात. म्हणून आठवडा लोटला तरी पृष्ठभाग चिकटच राहतो.

पूर्वतयारी

लाकूड पुरते वाळलेले असावे; ओलाव्याचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास असणे इष्ट. रंधा मारल्यावर 120, 150 व 180 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे. धूळ झटकून ॲसिटोन किंवा थिनरमध्ये भिजविलेल्या पांढऱ्या सुती फडक्याने पृष्ठभाग पुसावा. फडक्यावर पिवळसर तपकिरी डाग उतरेल. दर वेळी स्वच्छ फडके घेऊन डाग फिका होईपर्यंत पुसणे चालू ठेवावे. या कामी रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

द्रावक उडून जाताच पहिला हात द्यावा. काम दुसऱ्या दिवसावर टाकल्यास आतील तेल पुन्हा वर येते आणि सारी मेहनत वाया जाते.

लाखेचा अस्तर-हात

घरातील सामानासाठी मेणविरहित लाखेचा अस्तर-हात उत्तम होय. लाख केवळ स्पिरिट उडून गेल्याने सुकते, त्यामुळे लाकडातील द्रव्ये तिला अडवू शकत नाहीत. 1 लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 120 ग्रॅम लाख विरघळवावी. साध्या चपडा लाखेत मेण असते. द्रावण काही दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ द्रावण वापरावे, कारण मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. जुन्या द्रावणाचा एक थेंब काचेवर टाकून पाहावा. तो दुसऱ्या दिवशीही चिकट असल्यास ते द्रावण टाकून द्यावे.

दोन पातळ हात देऊन, सुकल्यावर हलके घासून त्यांवर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत. नुसत्या लाखेवर गरम कपाचे व पाण्याचे पांढरे डाग पडतात. वरचा थर त्यांपासून बचाव करतो. पावसाळी दमट हवेत मात्र लाखेचे काम टाळावे, अन्यथा पृष्ठभाग पांढुरका होतो.

उघड्यावरील काम

दारे, खिडक्या व बागेतील बाके यांना लाखेचा अस्तर देऊ नये. ऊन-पावसात जाड चकचकीत थर तडकतो आणि तो खरवडणे जिकिरीचे होते. तेथे सागास योग्य असे तेल पातळ लावून दरवर्षी पुन्हा तो हात देणे सोपे. काहीच न लावल्यास साग करडा होतो, पण लवकर कुजत नाही.

चाचणी व दक्षता

प्रत्यक्ष कामापूर्वी त्याच लाकडाच्या तुकड्यावर सर्व क्रिया करून पाहाव्यात. थर पूर्ण कडक झाल्यावर पात्याने आडव्या-उभ्या रेघा पाडून चिकटपट्टी दाबून बसवावी व झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर पापुद्रे निघाले, तर पुसण्यात कसूर राहिली असे समजावे.

थिनर व स्पिरिट ज्वालाग्राही आहेत. खोली हवेशीर असावी व जवळपास विडी-काडी नसावी. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत. साग-शिसवीच्या भुशाने काहींना अंगावर पुरळ येते, म्हणून नाकावर फडके बांधून अंग झाकावे.

पुसण्याच्या कामी लागणारा वेळ व थिनरचा खर्च पुन्हा पॉलिश करण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. अनेक वर्षे वाढलेल्या वृक्षाच्या लाकडासाठी एवढी काळजी घेणे कारागीर व ग्राहक दोघांच्याही हिताचे आहे.