बोटांवरील चक्र

मुलांनो, आपल्या बोटांची टोके उजेडात धरून पाहा. कोठे चक्र दिसेल, कोठे शंख, तर कोठे नुसती कमान. घरातील वडीलधारी मंडळी या खुणांवरून नशीब सांगतात. पोलीस मात्र त्यांवरून माणूस ओळखतात. कारण कोणाही दोघांच्या बोटांवरील रेषा तंतोतंत सारख्या आढळत नाहीत. जुळ्या भावंडांच्याही नाहीत.

समजा, शेवगावच्या बाजारपेठेत रात्री एका दुकानाचे कुलूप फुटले. चांगला तपास अधिकारी येताच कोणाचे मनगट धरीत नाही. तो आधी पाहतो. कुलूप कशाने तोडले? चोर कोणत्या वाटेने आला? मातीत पाऊल उमटले आहे काय? पंचांसमक्ष या सर्वांचा पंचनामा होतो. काचेवर बारीक पूड टाकून बोटांचे ठसे उठवतात. श्वानपथकातील कुत्रा वासावरून माग काढतो. नंतर जुन्या चोऱ्यांचे कागद उघडले जातात. बहुतेक चोरांची एक ठरलेली रीत असते. तीच वेळ, तेच हत्यार, तशीच वाट चार ठिकाणी दिसली, तर ते काम एकाच हाताचे असावे, असा तर्क करता येतो. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. तर्क वाट दाखवतो. पुरावा मुक्कामी पोहोचवतो.

ठशांचे पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास निघाले. हजारो ठशांतून हवा तो ठसा काढावा कसा? अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी त्यावर परिश्रम केले. दहा बोटांच्या पाच जोड्या करून, चक्रे कोणत्या बोटांवर आहेत यावरून १०२४ वर्ग पाडण्यात आले. त्या पद्धतीस नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले.

बोटांच्या रेषा इतक्या बारकाईने वाचणाऱ्या त्याच राजवटीने माणसे वाचताना मोठी चूक केली. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला. माळरानावर फासे लावून शिकार करणारे फासेपारधीही या यादीत आले. नगर जिल्ह्यातही त्यांची वस्ती आहे. यादीतल्या माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. चोरी कोठेही होवो, संशय आधी त्यांच्या पालांवर जाई. अशाने निरपराध्याला शिक्षा भोगावी लागते आणि खरा चोर मोकळा राहतो.

स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मनातील शिक्का मात्र कागदावरील शिक्क्याइतका लवकर पुसला जात नाही. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला.

वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली, की आपली नजर प्रथम कोणाकडे वळते? तेथे क्षणभर थांबावे आणि स्वतःस विचारावे, 'मी पुरावा पाहिला, की केवळ माणूस पाहिला?'

स्वाध्याय
१. तर्क आणि पुरावा यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. १८७१ च्या कायद्याने कोणता अन्याय झाला?
३. आपल्या दहा बोटांचे ठसे कागदावर घेऊन त्यांतील चक्रे मोजा.