मालमोटारीचा पुढील आंस व सुकाणूचे सांधे यांची तपासणी

महसूल खात्याच्या कारकुनींत ज्याचें आयुष्य गेलें त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बांध एका रात्रींत सरकत नाहीं. शेजारी दर नांगरटीस नांगराचें एक तास आंत घेतो; पाहणारास कालचा बांध व आजचा बांध सारखाच दिसतो; आणि पुष्कळ वर्षांनीं मोजणी झाली म्हणजे दोन गुंठे कोठें गेले याचा तंटा कचेरींत येतो. मालमोटारीच्या पुढील आंसाची झीज नेमकी याच जातीची आहे. चालक रोज तीच गाडी हांकतो. सुकाणूची ढिलाई केसाकेसानें वाढते ती त्याच्या हातास कळत नाहीं. तो तेवढें चक्र अधिक फिरवूं लागतो व गाडी ठीक आहे असें मालकास सांगतो. त्यांत त्याची लबाडी नसते. म्हणून ही तपासणी केवळ चालकाच्या अनुभवावर न सोडतां चाक उचलून, हातानें हलवून व मोजून करावी लागते. ती कशी करावी तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक सेवानिवृत्तीनंतर लालबाग येथें मुलीकडे राहतो. घरची मालमोटार थोरल्या बंधूंच्या व माझ्या भागीदारीची असून ती जुन्नर तालुक्यांतून झेंडू व शेवंती भरून रात्रीं निघते, माळशेज घाट उतरते व पहाटे दादरच्या फुलबाजारांत माल टाकते. गेल्या वर्षीं चालकानें मला दोनदां सांगितलें कीं, “भाऊसाहेब, गाडी डावीकडे ओढते आणि जरा वेग घेतला कीं चक्र थरथरतं.” मीं त्यास उत्तर दिलें कीं, रस्ता कडेला उतरता असतो, गाडी ओढणारच; आणि थरथरीचें कारण म्हणून पुढचे दोन्ही टायर नवे घालून दिले. दोन महिन्यांच्या आंत डाव्या टायरची बाहेरील कड खाऊन गुळगुळीत झाली. तेव्हां परळच्या एका गल्लींतील वृद्ध मेस्त्रींस गाडी दाखविली. त्यांनीं चाक उचलून हलविलें व म्हणाले, “भाऊसाहेब, टायर कशाला बदललेत? रडतोय टायर, पण मार लागलाय दुसऱ्यालाच.” डाव्या किंगपिनचा वरचा बुश कोरडा पडून झिजला होता. त्या स्थितींत आमचा चालक व त्याच्याबरोबरचा पोरगा भरल्या गाडीनें रोज घाट उतरत होते, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसूं देत नाहीं.

परळच्या मेस्त्रींच्या हाताविषयीं दोन शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. लागूनच असलेल्या शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मोटारी जोडण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. शिवाय रेल्वेचा कारखाना येथेंच, आणि १९८२ च्या संपापर्यंत गिरण्यांचे भोंगे येथेंच वाजत होते. लोखंडाशीं बोलणारी माणसें या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. असो.

आतां रचना पाहूं. पुढील दोन चाकांच्या मध्यें एक जाड पोलादी तुळई आडवी असते; हाच पुढील आंस. बैलगाडीस वळविण्यास बैल व जूं पुरतात, परंतु मालमोटारींत चाकेंच वळवावीं लागतात. म्हणून तुळईच्या दोन्ही टोकांस उभें भोंक ठेवून त्यांत पोलादाचा खुंटा बसवितात. यास किंगपिन म्हणतात. ज्या तुकड्यावर चाक फिरतें तो, म्हणजे स्टब ॲक्सल, या खुंट्यावर दरवाजा बिजागरीवर फिरावा तसा फिरतो. खुंट्यास वर एक व खालीं एक असे दोन बुश असतात, आणि गाडीचा भार एका चपट्या बेअरिंगवर तोलला जातो. दोन्ही चाकें एकमेकांस जोडणारा आडवा दांडा तो टायरॉड. सुकाणूच्या पेटींतून निघालेला ड्रॉप आर्म ज्या दांड्याच्या साहाय्यानें चाक ढकलतो तो ड्रॅग लिंक. या दांड्यांच्या टोकांस, वाटींत गोळी बसावी, तसे सांधे असतात. हें सर्व ज्यावर टांगलेलें असतें त्या कमानी, म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. लहान पिकअप गाड्यांत अखंड तुळईऐवजीं प्रत्येक चाक स्वतंत्रपणें टांगण्याची पद्धत पुष्कळदां असते. त्यांची तपासणी थोडी निराळी असून तिचा विचार येथें केलेला नाहीं.

तपासणीचा आरंभ टायरपासून करावा, कारण तेथें हत्यार लागत नाहीं. तळहात टायरवरून आडवा, प्रथम बाहेरून आंत व मग आंतून बाहेर, फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीच्या दात्यांसारखें लागलें, तर दोन्ही चाकें परस्परांशीं सरळ चालत नसून रस्त्यावर घासत जात आहेत असें समजावें; टायरॉडची लांबी बिघडली असेल किंवा त्याचे सांधे ढिले असतील. एकच कड झिजली असेल तर चाक कलतें उभें आहे. किंगपिन किंवा आंस यांकडे वळावें. जागोजाग खळगे पडले असतील तर धक्काशोषक, चाकाचें बेअरिंग अथवा चाकाचा तोल यांपैकीं कांहींतरी बिघडलें आहे. टायरमधील हवा कमीजास्त असल्यास हीं लक्षणें फसवितात, म्हणून हवा आधीं पाहावी.

दुसरी परीक्षा चाकें जमिनीवर असतांनाच करावयाची. हीस दोन माणसें लागतात. एकानें चालकाच्या जागीं बसून चक्र थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे असें एकसारखें हलवावें. दुसऱ्यानें खालीं वांकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावें. तेलाच्या दाबानें चालणारें सुकाणू असेल तर इंजिन सुरू ठेवावें, नाहीं तर ढिलाईचा अंदाज चुकतो. मात्र अशा वेळीं गिअर काढलेला, हातब्रेक ओढलेला व मागील चाकांस ठोकळे लावलेले असलेच पाहिजेत. ज्या सांध्याचा एक भाग हलतो व दुसरा क्षणभर मागें राहतो तो सांधा झिजलेला. डोळ्यांपेक्षां बोटास हें लवकर कळतें. मोठ्या पक्कडींत सांधा दाबून पाहण्याची कांहींची संवय असते. ती चांगली नव्हे, कारण पुष्कळ सांध्यांच्या पोटांत स्प्रिंग असते व तेवढ्या जोरानें चांगला सांधाही हललासें वाटतें. याच वेळीं सुकाणूची पेटी ज्या बोल्टांनीं चासीस धरलेली आहे ते पाहून घ्यावे. पेटीच हलत असेल तर सांध्यांचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं.

चक्राची मोकळी फेर किती असावी याविषयीं कायदा काय म्हणतो हें सांगणें माझ्या पूर्वीच्या धंद्यास शोभेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील नियम ९८ अन्वयें ती ३० अंशांहून अधिक असतां कामा नये. सांध्यांवर रबरी टोप्या असाव्या व बोल्ट आणि पिना निसटणार नाहींत अशा अडकविलेल्या असाव्या, असेंही त्यांत आहे. आतां हिशेब करूं. २० इंच व्यासाच्या चक्राचा परीघ सुमारे ६३ इंच; ३० अंश म्हणजे त्याचा बारावा हिस्सा, अर्थात्‌ सव्वापांच इंच. चक्र सव्वापांच इंच फिरेपर्यंत चाक जागचें हलत नाहीं अशी गाडी कायद्यास चालेल, पण माळशेजच्या वळणास चालेल काय? अमेरिकेंत मालमोटार हांकण्याच्या परवान्यासाठीं जें पुस्तक अभ्यासावें लागतें त्यांत १० अंशांहून अधिक ढिलाई सदोष मानली आहे. त्याच चक्रावर ती पावणेदोन इंच भरते. माझ्या मतें आपणही हेंच माप धरावें व फिटनेसचा दाखला मिळाला म्हणून निर्धास्त राहूं नये. चक्राच्या कडेस खडूची खूण करून पट्टीनें मोजण्यास दोन मिनिटें पुरतात.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. गाडी रिकामी, जमीन सपाट व टणक, मागील चाकांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे. मग पुढील आंसाखालीं जॅक लावून चाक जमिनीपासून चार बोटें उचलावें व आंसाखालीं मजबूत लाकडी ठोकळे रचल्याशिवाय कोणीही आंत हात घालूं नये. नंतर चाक वर व खालीं असें दोन हातांनीं धरून आंतबाहेर हलवावें. हललें, तर लगेच किंगपिन गेला असें म्हणूं नये. बेअरिंग ढिलें असलें तरी चाक असेंच हलतें, व या दोहोंची गल्लत होऊन पुष्कळांचे पैसे फुकट जातात. यावर तोड अशी कीं, दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें व पुन्हां हलवावें. ब्रेकमुळें चाक व स्टब ॲक्सल एकजीव होतात. तेव्हां ढिलाई नाहींशी झाली तर दोष बेअरिंगचा, व तशीच राहिली तर दोष किंगपिनचा. आमच्या गाडीचें चाक ब्रेक दाबूनही तसेंच हलत होतें. नंतर टायरखालीं पहार घालून चाक वर उचलावें. स्टब ॲक्सल व तुळई यांमधील फट उघडझांप करीत असेल तर चपटें बेअरिंग किंवा त्याच्या चकत्या झिजल्या आहेत. शेवटीं चाक डावी-उजवी बाजू धरून हलवावें. येथें टायरॉडचे सांधे बोलूं लागतात. किती ढिलाई चालेल याचें माप प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें व तें गाडीगणिक बदलतें.

कमानींत पहिली वस्तु पाहावयाची ती यू बोल्ट. त्यांच्या नटांपाशीं गंजाची ओली रेघ किंवा घासून चकाकलेलें लोखंड दिसलें म्हणजे ते सुटूं लागले आहेत. ते सुटले कीं पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो व एका बाजूचा आंस मागें सरकतो. दोरी घेऊन पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. मोजतांना पुढील चाकें अगदीं सरळ हवीं. दोन मापें जुळलीं नाहींत तर आंस सरकला आहे. तुटलेला पाटा पुष्कळदां चिखलाखालीं लपतो. धुऊन, हातोडीनें ठोकून पाहावें. शॅकलच्या पिनांस पहारीनें ढकलून पाहावें. अधिक माल भरतां यावा म्हणून ज्यादा पाटे घालण्याची जी चाल पडली आहे ती मला मुळींच पसंत नाहीं. कमान कडक झाली कीं रस्त्याचा धक्का ती गिळत नाहीं, आणि तोच धक्का किंगपिनच्या बुशांस व सुकाणूच्या सांध्यांस बसतो.

दुरुस्तीसंबंधीं थोडेंच लिहितों. किंगपिनचा संच दोन्ही बाजूंस एकदमच बदलावा. बुश बसवितांना त्याचें भोंक ग्रीस येण्याच्या मार्गाशीं जुळलेलें आहे हें स्वतः पाहावें, व वरचा आणि खालचा बुश रीमरनें एका ओळींत साफ करून घ्यावा. टायरॉड, ड्रॅग लिंक किंवा सुकाणूचा हात यांस वेल्डिंग कधींही करूं देऊं नये, तापवून सरळही करूं देऊं नये. वांकला तो भाग टाकला. सुटे भाग गिरगांवांत ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. जुना भाग बरोबर न्यावा, मापें ताडून पाहावीं व पक्की पावती घ्यावी; पावती न देणाराचा माल स्वस्त असला तरी घेऊं नये.

ग्रीसविषयीं मात्र थांबून सांगितलें पाहिजे, कारण आमचें नुकसान तेथेंच झालें. चालक दर पंधरवड्यास ग्रीस मारीत असे व बाहेर ग्रीस दिसतही असे. पण वरच्या निपलचें तोंड मातीनें बुजलें होतें. ग्रीस बाजूनेंच ओघळत होतें व आंत कणभरही जात नव्हतें. म्हणून जुनें काळें ग्रीस सांध्यांतून बाहेर पडून नवें दिसूं लागेपर्यंत गन चालवावी. न दिसल्यास निपल काढून साफ करावें अथवा बदलावें. शक्य असल्यास चाक उचलून ग्रीस मारावें. भार निघाल्यामुळें तें भार झेलणाऱ्या चकत्यांपर्यंत पोंचतें. पावसाळ्यांत हिंदमातेपाशीं पाणी तुंबतें हें मुंबईंत माल आणणारांस सांगावयास नको. तशा पाण्यांतून गाडी गेली तर ठरल्या दिवसाची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत ग्रीस करावें.

मीं आतां या कामासाठीं फेरफाराच्या नोंदवहीसारखी एक वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, चक्राची ढिलाई इंचांत, प्रत्येक सांध्यापुढें एक खूण, व शेवटीं चालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत. मागील महिन्याच्या नोंदींत ढिलाई सवा इंच आहे. उजव्या टायरॉडच्या सांध्याच्या रबरी टोपीस चीर आढळली. सांधा घट्ट होता. टोपी त्याच दिवशीं, दादरहून परततांना, परळास बदलून घेतली.